दारावरचा डहाळा

अंगणात फक्कीची रेघ ओढली संतोषनं आणि दोरीचं दुसरं टोक धरलं त्याच्या धाकट्या भावानं, रविराजनं. दिवाळीपासून दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते, पण दोरी अशी ताणून धरली होती की परक्याला वाटावं, काय यांचा एकोपा. रेघ विहिरीपासून निघाली, गोठ्याच्या दावणीला घासून पुढं आली, कडुलिंबाचं झाड तिनं डाव्या हाताला टाकलं आणि नेमकी रहेमानच्या खोलीच्या भिंतीपाशी येऊन थांबली.

“आता?” रविराज म्हणाला.

“आता काय. सरळ न्यायची. मोजणीवाल्यानं खुना करून दिल्यात ना.”

“सरळ म्हंजी खोलीतनं जाती.”

“मंग जाऊ दे.”

खोलीच्या उंबऱ्यावर खुद्द रहेमानच बसला होता. दोघं त्याच्यासमोरच बोलत होते, पण म्हाताऱ्या बैलासमोर बोलावं तसं. चौऱ्यांशी वर्षांचा माणूस. पाय फेंगडे झालेले, डाव्या हाताच्या दोन बोटांची नखं हातोडीखाली सापडून सापडून काळी पडलेली. जन्मभर त्यानं निफाडच्या आसपासच्या गावांतल्या बैलांना नाल ठोकले. ट्रॅक्टर आले, बैल गेले, नालबंद तेवढा मागं उरला. तो मुसलमान आणि घर मराठ्याचं. नात्यानं तो इथं कुणाचाच कुणी नव्हता. पण सात वर्षांचा होता तेव्हापासून तो याच अंगणात होता. ही दोन खणांची खोली त्यानं आणि या दोघांच्या बापानं, कोंडाजीनं, मिळून बांधली होती. माती दोघांनी तुडवली होती. कागदावर तिचा कुठं पत्ता नव्हता, कारण भावाभावात कागद कशाला, असं कोंडाजी म्हणाला होता. आता कोंडाजीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

रविराज खोलीत डोकावला. “बाजंचं उसं माझ्यात येतंय, पायतं तुझ्यात,” तो म्हणाला आणि हसायला गेला. संतोष हसला नाही, म्हणून त्यानंही तोंड मिटलं.

भांडण साधं होतं. खोली ज्याच्या वाट्यात राहील त्याला ट्रॅक्टर वळवायला जागा उरत नव्हती. संतोष म्हणे, रवीनं ठेवावी. रवी म्हणे, थोरला तू, तूच ठेव. इतक्या दिवसांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर, की खोली पाडावी आणि भिंत सरळ न्यावी. कांदा साठवणीच्या चाळीत पडला की सोमवारी गवंडी येणार होता. म्हाताऱ्याचं पुढं काय, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. म्हाताऱ्यानंही विचारलं नाही. न विचारायची त्याला जुनीच सवय होती.

दुपारी ओट्यावर भांड्यांची वाटणी झाली. संतोषची बायको मंगला आणि रविराजची बायको राखी समोरासमोर बसल्या. एक पातेलं इकडं, एक तिकडं. हंडा इकडं, कळशी तिकडं. रविराजची सात वर्षांची पोरगी सायली एकेक भांडं उचलून देत होती आणि तिला फार मजा वाटत होती. शेवटी तळाशी एक जर्मलची ताटली निघाली. काठ चेपलेले, मधोमध खिळ्यानं टोचून काढलेली चांदणी.

“ही कोनाची?” सायलीनं विचारलं.

ती रहेमानची ताटली होती. कोंडाजीची आई धोंडाबाई हिनं ती सासूच्या धाकापायी त्याच्यासाठी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवली होती. दोन वर्षं तो तिच्यात जेवला, जेवून झालं की स्वतः घासून उपडी घालायचा. मग सासू मेली. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी धोंडाबाईनं ताटली आत नेली आणि बाकीच्या भांड्यांत मिसळून टाकली. त्यानंतर ती कुणी वेगळी काढली नव्हती.

“राहू दे तिथंच,” राखी म्हणाली. मनात वाईट काही नव्हतं तिच्या. कुठल्या ढिगात टाकावी ते तिला सुचेना, एवढंच. दोन ढिगांच्या मध्ये ताटली संध्याकाळपर्यंत पडून राहिली, मग कुणीतरी ती बाहेरच्या कोनाड्यात सारली.

कांदा मात्र अजून सामाईक होता. चैत्राचं ऊन नऊ वाजताच डोक्यात जात होतं. उपटलेला कांदा पातीखाली झाकून वाळवला होता आणि आता बायका ओळीनं बसून पात कापत होत्या. रहेमानही गोणपाटावर बसून विळा चालवत होता. या वयात त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं, पण रिकामं बसलं की त्याला आपण जास्तीचे आहोत असं वाटायचं. शेजारी बसलेली एक नवी मजूरबाई कांद्याची मान अगदी अंगालगत उडवत होती.

“बाई, बोटभर मान ठिव,” तो म्हणाला. “जवळून कापला का चाळीत सडतो त्यो.”

तेवढ्यात त्याच्या बंडीतला फोन वाजला. त्याची मुलगी तरन्नुम मालेगावहून बोलत होती. बायको वारल्यापासून त्याला रक्ताचं हे एवढंच माणूस होतं.

“अब्बा, संतोषभाईका फोन आया था. खोली गिरा रहे बोले. आप कुछ बोले भी नहीं मेरे कू. इतवार कू गाडी लेके आती मैं. ऊपर का कमरा खाली कर दी. कपडे बांध के रखो.”

तरन्नुमच्या बोलण्यात आनंद होता. पोर बरीच वर्षं मागं लागली होती. खाली नवऱ्याचे चार यंत्रमाग, वर दोन खोल्या, रात्रंदिवस खडखडाट. तिथं गेलं की त्याला दोन दिवसांत जीव कोंडल्यासारखं व्हायचं. पण ते तिला कसं सांगणार.

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दहा हातांवर संतोष क्रेट भरत होता. फोन कुणाचा हे त्याला कळलं होतं, कारण त्यानं पाठ फिरवली आणि भरलेलंच क्रेट पुन्हा हलवून नीट करायला लागला. रहेमानला राग आला, अगदी पोटातून आला. ज्या पोराला त्यानं खांद्यावर बसवून निफाडचा बाजार दाखवला त्याला दोन शब्द तोंडावर बोलायला जड झालं होतं. त्याच्या विळ्याचा नेम चुकला आणि अंगठा कापला. कांद्याचा रस जखमेत उतरला. त्यानं अंगठा मातीत दाबला आणि पुन्हा कापायला घेतलं.

गाडी लेके आती. गाडी येते आणि माणसं जातात, हे त्यानं पाहिलेलं होतं.

देश वाटला गेला त्या साली रहेमान सात वर्षांचा होता. पाकिस्तान नावाचं काही झालंय हे गावात कळलं होतं, पण ते कुठल्या दिशेला आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. रहेमानचा बाप मुझफ्फर नालबंदच. त्यांचं छप्पर धोंडाबाईच्या अंगणाला लागून. गावात त्यांना कुणी वावगं बोललं नाही. पण एकदा निफाडच्या बाजारात बाप एका बैलाला नाल ठोकत असताना बैलाचा मालक मध्येच उठला आणि दोर सोडायला लागला. “तुमचं तिकडं झालं ना आता, मंग तिकडंच जाऊन ठोका,” म्हणाला. तीन पाय ठोकून झाले होते, चौथा राहिला होता. बैल तसाच उठला आणि तीन पाय वाजवत, एक पाय मुका टाकत बाजारातून निघून गेला. चौथ्या पायाच्या दोन खुरांचे उरलेले दोन नाल मुठीत धरून बाप घरी आला आणि जेवला नाही. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या चुलत्याचा निरोप येऊन पडलाच होता, की कराचीची बोट आहे, तिकिटं काढतो, निघा.

निघायच्या दोन दिवस आधी रहेमानच्या अंगावर देवी आली. गोवर होता, पण गावात सगळ्यालाच देवी म्हणत. अम्मा दाराला डोकं टेकून बसली आणि मी जात नाही म्हणाली. बाप म्हणाला, बोट थांबत नाही. तेव्हा धोंडाबाई मध्ये पडली.

“देवी अंगावर आसताना लेकरू गावाची शीव वलांडत नाय,” ती म्हणाली. “तुमी व्हा फुडं. नवव्या दिशी मी पानी घालते. मंग धाडा कोनाला तरी न्यायला.”

बापानं अवजारांची पेटीही तिच्याकडंच ठेवली. पोरासंगं पाठवा, म्हणाला. धोंडाबाईनं रहेमानला उचलून आपल्या घरात बाजेवर निजवला, खाली लिंबाचा पाला पसरला, दाराला लिंबाचा डहाळा बांधला. उजाडता उजाडता बैलगाडी निघाली. त्या डहाळ्याच्या पानांतून त्याला गाडी दिसली. अम्मा मागं तोंड करून बसली होती, मांडीवर त्याची तान्ही बहीण मेहरुन्निसा, आणि ती गाडीचा दोर तोंडात घालत होती. त्याला वाटत होतं, आता अम्मा उडी मारेल. गाडी ओढ्यापर्यंत गेली, तिथं अम्मानं हात वर केला. त्यानं केला नाही. तो रागावला होता. गाडी ओढ्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

नवव्या दिवशी धोंडाबाईनं लिंबाच्या पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं. खपल्या पडल्या, पोर उठून खेळायला लागलं. बाराव्या दिवशी तो आणि कोंडाजी अंगणात बसून भाकरी आणि शेंगदाणे खात होते. धोंडाबाई शेणी थापत होती. थापता थापता तिनं मान वर केली. ओढ्याकडून एक माणूस येत होता. चुलत्याच्या बरोबर गोदीत काम करणारा फकिरा होता तो, एकदा येऊन गेलेला.

धोंडाबाईनं शेणाचे हात धुतलेसुद्धा नाहीत. तिनं उडी मारून लिंबाचा ओला डहाळा मोडला, दाराला बांधला, रहेमानच्या दंडाला धरून आत नेलं, बाजेवर ढकललं आणि गोधडी घातली. हे सगळं एका दमात. कोंडाजी भाकरी हातात धरून बघतच राहिला.

“देवी उतरली नाय आजून,” दारातून तिचा आवाज आला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

“मावशी, परवाची बोट हाय,” फकिरा लांबूनच म्हणाला. देवीच्या दाराशी तो कसा येणार. “पोराला बघू तरी द्या.”

“बग की. तिथनंच बग.”

गोधडीतून त्याला फकिरा दिसत होता. मी बरा आहे, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. नुसतं उठून बसला असता तरी झालं असतं. गोधडीच्या आत त्याच्या मुठीत अजून शेंगदाणे होते. गेले ना मला टाकून, मग जाऊ दे, असं त्याला वाटलं. सात वर्षांच्या पोराला दुसरं काय वाटणार. त्यानं डोळे मिटून घेतले.

फकिरा पुढच्या बोटीला येतो म्हणून गेला तो पुन्हा आला नाही. पुढचा पावसाळा उलटल्यावर एक पत्र आलं. निफाडच्या मौलवींनी ते वाचून दाखवलं. अम्मानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. त्यात चार ओळी होत्या आणि पहिलीच ओळ अशी, की माझ्या मुलाची देवी उतरली का. तोवर परवाने सुरू झाले होते, जाणं-येणं बंद झालं होतं. आणखी दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

पुढं धोंडाबाईनं त्याला शुक्रवारी नमाजाला धाडलं, रोज्यात पहाटे उठवून भाकर दिली, बापाच्या पेटीवर हात बसावा म्हणून निफाडच्या एका नालबंदाकडं शिकायला ठेवलं, त्याच्याच समाजातली मुलगी बघून लग्न लावलं. तो तिला मावशी म्हणत राहिला. आई म्हण असं ती कधी म्हणाली नाही. त्या डहाळ्याबद्दल दोघं जन्मात एक अक्षर बोलले नाहीत. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा तिनं त्याचा हात धरला होता. “रहेमान, त्यो डहाळा,” एवढंच बोलली. तो घाईघाईनं म्हणाला, “मावशी, पानी घे जरा.” तिनं पाणी घेतलं. चार दिवसांनी ती गेली.

शनिवारी कांदा चाळीत पडला. रहेमाननं आपले चार कपडे, बापाची पेटी आणि चादर खोलीच्या मधोमध आणून ठेवली. रविवारी सकाळी राखी सायलीला उठवायला गेली तर पोरगी तापानं फणफणलेली, पाठीवर आणि पोटावर पाण्याचे फोड. रविराजनं मोटारसायकलवर घालून तिला डॉक्टरकडं नेलं. कांजिण्या आहेत, म्हणून डॉक्टरांनी अंगाला लावायचं औषध आणि गोळ्या दिल्या. औषध घेऊन ते घरी येईतो मंगलानं दाराला लिंबाचा डहाळा बांधून ठेवला होता. शिकल्यासवरल्या घरातही ते चुकत नाही.

देवी घरात आली की घराचे नियम बदलतात. फोडणी बंद. खिळा ठोकायचा नाही, कुदळ मारायची नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. बाहेरचं माणूस आत नाही आणि घरचं माणूस मुक्कामाला बाहेर नाही. संतोषनं गवंड्याला फोन करून पुढच्या मंगळवारी ये म्हणून सांगितलं. दुपारी तरन्नुमची गाडी आली, तर मंगलानं तिला लिंबाच्या झाडापाशीच थांबवलं. “नऊ दिवस जाऊ दे, बाई. तुझ्या घरीबी लेकरं हायेत.” तरन्नुम लांबूनच बापाला बघून, हात हलवून परत गेली.

चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण बिनफोडणीचं वरण दोन ठिकाणी कशाला, म्हणून पातेलं एकच चढलं. दोघं भाऊ शेजारीशेजारी बसून मुकाट्यानं दही-भात खायचे. भांडायचं झालं तर आवाज चढवता येत नाही आणि आवाज न चढवता भांडता यांना कधी आलंच नव्हतं. एकदा संतोषनं न बोलता दह्याचं भांडं रवीच्या पुढं सरकवलं. रवीनं घेतलं.

रहेमान सायलीच्या बाजेशी बसून असायचा. खाजवायला लागली की तो लिंबाच्या काडीनं हळूहळू पाठ कुरवाळायचा. त्या हातांनी आयुष्यभर लोखंड हाताळलं होतं, पण पोरगी म्हणायची, आईपेक्षा चाचाबाबाच बरं खाजवतो.

आठव्या दिवशी सायली झोपली होती आणि मंगला फरशी पुसत होती. पुसता पुसता ती थांबली.

“चाचा, एक बोलू? आजेसासूबाईंचं मीच सगळं केलं व्हतं शेवटी. मी नवीनच व्हते तवा.”

“हां.”

“मरायच्या आदल्या दिशी मला म्हनल्या, मी एका आईचं लेकरू तोडलं. वर गेल्यावर तिला काय तोंड दावू. डहाळ्याचं समदं सांगितलं मला. लय रडल्या. मी आजपत्तूर कोनाला बोलले नाय.” तिनं फडकं पिळलं. “तुमाला म्हाईत हाय का नाय, तेबी मला ठावं नव्हतं.”

रहेमानच्या हातातली काडी थांबली. म्हणजे मावशी हे डोक्यावर घेऊन मेली. सत्तावन्न वर्षं तिला वाटत राहिलं की पोराला काहीच माहीत नाही, आपण एकटीनंच हे केलं. आणि त्यानं तिला पाणी घे म्हणून गप्प केलं होतं. त्याला मंगलाला काही सांगायचं होतं, पण त्यानं काडी बाजेवर ठेवली. तो उठून बाहेर जाऊन बसला.

नवव्या दिवशी, सोमवारी, सायलीला लिंबाचं पाणी घातलं. दही-भाताचा नैवेद्य झाला. मंगळवारी सकाळी पोरगी अंगणात लंगडी घालत होती, फक्कीच्या रेघेवरूनच, या बाजूनं त्या बाजूला. दाराचा सुकलेला डहाळा राखीनं सकाळीच काढून टाकला होता. रहेमान कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. गवंडी दोन माणसं घेऊन आला, त्यानं घमेली उतरवली. आणि रस्त्यावरून तरन्नुमची गाडी आत वळली.

तेव्हा त्याला मंगला दिसली. ती लिंबाखाली गेली, टाचा वर केल्या, एक ओला डहाळा मोडला आणि भराभर दाराशी येऊन बांधायला लागली. राखी तिथंच उभी होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, जाऊबाईकडं पाहिलं आणि मिटलं. मग सायलीच्या दंडाला धरून तिला आत नेलं. “मला बरं वाटतंय की,” असं पोरगी ओरडत होती.

तरन्नुम उतरून झाडापर्यंत आली आणि थबकली.

“उतरली नाय आजून,” मंगला म्हणाली. “धा दिवसांनी ये, बाई.”

संतोष आणि रविराज दोघंही उभे होते. काल पाणी घातलं तेव्हा दोघांनी नैवेद्य खाल्ला होता. संतोषनं बायकोकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. गवंडी कुदळ घेऊन मुकाट बाजूला झाला. कुणी खोटं म्हटलं नाही आणि खरंही म्हटलं नाही.

आवाज तोच होता असं रहेमानला वाटलं. नुसते शब्दच नाहीत, तो न हलणारा आवाजही तोच. आत्ता गप्प बसलं की झालं, पुन्हा एकदा राहायला मिळत होतं, आणि आणखी एका बाईनं हे डोक्यावर घेऊन मरायचं होतं. तो उठला. गुडघे वाजले. गाठोडं उंबऱ्यावर ठेवून तो चालत दारापाशी गेला आणि गाठ सोडायला लागला. कापलेल्या अंगठ्यानं गाठ सुटायला वेळ लागला.

“तरन्नुम, देवी उतरली,” तो म्हणाला. “कालच पानी घातलं. मंगला माझ्यासाठी खोटं बोलली.”

मंगलानं पदर तोंडाला लावला.

“तो फिर चलो ना, अब्बा,” तरन्नुम म्हणाली.

“मला यायचं नाय.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हे मोठ्यानं म्हटलं होतं. मग तो मंगलाकडं वळला, पण बोलला तो बहुतेक दुसऱ्याच कुणाशी. “तवाबी मला जायचं नव्हतं. मी बरा व्हतो. जागा व्हतो. फकिरा पाच हातांवर उभा व्हता, मला बोलता येत व्हतं. मी बोललो नाय. डहाळा तिनं बांधला, पन ऱ्हायलो मी. तिनं नाय तोडलं मला.” श्वास लागला म्हणून तो थांबला. “हे तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आईला.”

त्यानं डहाळा संतोषच्या हातात दिला. “संतोष, तुला ठिवायचं नसंल तर तोंडानं सांग. मी जातो. पन देवीच्या आडून ठिवू नको, आन् फोनच्या आडून घालवू बी नको.”

संतोष पन्नाशीला आलेला माणूस, पण त्याची मान लहान पोरासारखी खाली गेली. मग गवंड्याला म्हणाला, “भिंत खोलीपत्तूर आन. मंग खोलीच्या पलीकडनं सुरू कर.”

“म्हंजी खोली भिंतीतच धरायची?”

“धर.”

“दार मग कोनाच्या अंगाला?” गवंड्यानं विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता.

“हाय ते दार थोरल्याच्या अंगाला राहू दे,” रविराज म्हणाला. “माझ्या अंगानं दुसरं फोड. ट्रॅक्टर मी मागनं आनीन.”

राखी ओट्यावरून खाली आली. कोनाड्यात तशीच पडलेली जर्मलची ताटली तिनं उचलली आणि न विचारता आपल्या घरात नेली. मंगला म्हणाली, “सकाळची भाकर माझ्याकडं हां मग.”

तरन्नुम मात्र झाडाखाली एकटी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात रागही होता. “मैं कमरा खाली की, अब्बा. बच्चों को बोल के आई मैं.”

रहेमान तिच्याजवळ गेला. एका ठिकाणी राहिलं की दुसरीकडं कुणीतरी वाट बघत राहतं, हे त्याला कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ईदला येईन. नक्की येईन. पोरांना सांग.” तिनं डोळे पुसले, गाडीत बसली आणि मागच्या काचेतून बापाकडं बघत राहिली.

गाडी अंगणातून निघाली, ओढ्यावरच्या पुलाकडं वळली. रहेमाननं हात वर केला. दंड दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. मागून गवंड्यानं भिंतीच्या पायाला पहिली कुदळ घातली, सायली त्याच्या सदऱ्याला धरून म्हणाली, “चाचाबाबा, गेली ती गाडी.” तरीही त्यानं हात खाली घेतला नाही. सात वर्षांचा असताना तो वर करायचा राहून गेला होता.